कांतोरबुवा

कांतोरबुवांना सर्दी झाली, की अख्खा मठ खर्जात जातो. रोजच्या उपासनेला तानपुरा नाही, पेटी नाही, पट्टी सांगणारं कुठलंच साधन नाही. बुवा खाकरतात, डोळे मिटतात, आणि त्या घटकेला गळ्यातून जो स्वर निघेल तोच सगळ्यांचा षड्ज. पाच-पन्नास माणसं मुकाट्यानं तो पकडतात. कोणाला तो फार खाली वाटला तर त्यानं सोसायचा, फार वर वाटला तर नुसते ओठ हलवायचे. कँटरबरीचा आर्चबिशप लानफ्रांक यानं १०७०च्या दशकात मठासाठी आचारनियम लिहिले, त्यांत हे पक्कं करून टाकलं आहे: कांतोरच्या आधी कोणी गाणं उचलायचं नाही, आणि त्याच्या मर्जीशिवाय सूर चढवायचा नाही की उतरवायचा नाही. बुवा हे कलम झोपेतही म्हणून दाखवतील.

हे बुवा कोणी एक गृहस्थ नव्हेत. ९व्या शतकापासून १३व्या शतकापर्यंत फ्रान्स, जर्मनी, इटली, इंग्लंड यांतल्या कुठल्याही मोठ्या मठाचं दार ठोठावा, आत एक असायचाच. हुद्द्याचं नाव कांतोर. बुवा ही पदवी मी दिली आहे. ती त्यांना शोभते की नाही ते वाचकांनीच ठरवावं.

गाणं म्हणावं तर फार साधं. सगळे मिळून एकच सुरावट गातात. साथीला कोणी नाही, ताल नाही, मात्रा मोजायची भानगड नाही. शब्द लॅटिन आणि बहुतेक बायबलातले. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं हा त्याचा कणा. वृंदाच्या दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात. एका बाजूनं एक चरण म्हणायचा, दुसरीनं पुढचा. चरणाच्या मध्यावर थांबायचं, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा, मग उरलेला अर्धा. बाहेरच्या माणसाला पाच मिनिटांत डुलकी लागेल असा हा प्रकार. बुवांना मात्र त्या एका ओळीत मारामारीच्या शंभर जागा दिसतात. त्या मधल्या विश्रांतीवर तर त्यांचा भारी जीव. समोरच्या बाजूनं ती अर्ध्या श्वासानं कमी केली तरी बुवांची मान वळते. हा रोग बुवांच्या मठापुरता नव्हता. फ्रान्समधल्या रूआंच्या आर्चबिशपानं १२४८ साली आपल्याच कॅथीड्रलची तपासणी केली, तेव्हा त्याच्या दप्तरात काय नोंदलं गेलं? धर्मगुरू गायनाच्या वेळी गप्पा मारतात, इकडेतिकडे हिंडतात, आणि स्तोत्रं भराभर उरकून टाकतात. हे वाचून बुवांच्या जिवाला किती बरं वाटलं असतं! दुसऱ्याच्या घरातली बेशिस्त हा मठातल्या मोजक्या करमणुकींपैकी एक प्रकार.

मठ चालतो तो संत बेनेडिक्टनं ६व्या शतकात इटलीत घालून दिलेल्या नियमावर. दिवसातून ७ वेळा आणि रात्री एकदा उपासना. आठवड्याभरात १५०च्या १५० स्तोत्रं झाली पाहिजेत. आपले पूर्वज हे एका दिवसात करत, आपण कोमट माणसं, निदान आठवड्यात तरी करू या, असा टोमणा बेनेडिक्टनं तिथंच मारून ठेवला आहे. हा टोमणा बुवा दर सोमवारी एकदा तरी कोणावर ना कोणावर खर्च करतात.

बुवांचं खरं राज्य रात्री. हिवाळ्यात मध्यरात्र उलटून दोनेक तास झाले की घंटा होते. निजण्याच्या दालनातून थेट देवळात उतरणारा जिना असतो, त्यावरून डोक्यावर टोपड्या ओढलेली माणसं गारठ्यात खाली येतात. उठताना एकमेकांना हलकेच हाक द्या, झोपाळू माणसं सबबी फार सांगतात, हेही नियमातच आहे. बेनेडिक्टला माणूस चांगला कळत होता. रात्रीच्या उपासनेत सुरुवातीलाच एक स्तोत्र येतं, लॅटिन क्रमानं ९४वं. ते मुद्दाम लांबवून, सावकाश म्हणायचं, म्हणजे मागं राहिलेल्यांना धावतपळत येऊन पोचायला सवड मिळते. ते संपायच्या आत आला तो वाचला. नंतर येणाऱ्याला सगळ्यांच्या शेवटी किंवा सगळ्यांना दिसेल अशा वेगळ्या जागी उभं राहावं लागतं. त्याला बाहेर का नाही ठेवत? तर बाहेर राहिला की तो पुन्हा जाऊन निजेल, नाहीतर गप्पा छाटत बसेल. हेही कारण नियमात लिहिलेलं.

आता पाहा, माणसाची अब्रू लयीवर टांगलेली आणि लय बुवांच्या हातात. कोठीवरचा बंधू अजून जिन्यावर आहे हे बुवांना पावलांवरून कळतं. कोठीतून रोजची वाइन मोजून मिळते, आणि मोजणाऱ्याचा हात सैल असू शकतो की आखडता, हे बुवा जाणून आहेत. त्या रात्री ९४वं स्तोत्र असं काही विलंबित होतं की म्हातारे बंधू भिंतीला टेकतात. उलट, गेल्या रविवारी ज्यानं जेवणघरात बुवांच्या उच्चारांवर भुवई उडवली, तो बंधू जिन्याच्या वरच्या पायरीवर असतानाच स्तोत्राला पाय फुटतात. विचारलं तर बुवा सांगतील, आज थंडी होती.

मध्यरात्री गाणारे झोपतात, हे कोणी नाकारत नव्हतं. क्ल्युनी हा फ्रान्समधला सगळ्यात डामडौलाचा मठ, तिथं उपासना इतकी वाढवून ठेवली होती की दुसऱ्या कामाला वेळच उरत नसे. तिथं कंदील घेऊन एक बंधू रांगांतून फिरायचा. कोणी पेंगताना दिसला की कंदील त्याच्या तोंडासमोर. पुनःपुन्हा सापडला तर कंदील त्याच्याच हातात देऊन पुढची फेरी त्यानं मारायची. शिक्षेची ही तऱ्हा मला फार पसंत आहे. राइनकाठच्या हाइस्टरबाखचा सेझारियस नावाचा मठवासी १३व्या शतकाच्या सुरुवातीला असल्या गोष्टी गोळा करत बसला होता. त्यानं आपल्या मठाधिपतीची गोष्ट सांगितली आहे: प्रवचन चाललेलं, बंधू घोरतायत, आणि मठाधिपतीनं मध्येच आर्थर राजाची गोष्ट सांगायला घेतल्याचा आव आणला. सगळे खडबडून जागे. मग त्यानं त्यांना जे काही ऐकवलं त्याला प्रवचन म्हणता येणार नाही.

बुवांना मात्र झोपणाऱ्यांचा राग नाही. झोपलेला माणूस बेसूर होत नाही. राग जागणाऱ्यांचा, त्यातही खणखणीत आवाज मिळालेल्या तरुणांचा. सेझारियसनं असाही एक नमुना नोंदवला आहे. स्तोत्र खालच्या सुरात सुरू झालेलं असताना एका तरण्या बंधूनं ते एकदम चारपाच स्वर वर उचललं. उपप्रमुख आवरायला गेले, हा ऐकेना, आणि शेवटी जिंकला. सेझारियसच्या मते त्याच्या अंगात सैतान शिरला होता. बुवांना हे निदान मान्य आहे. सैतान त्या बाजूच्या तिसऱ्या जागी उभा असतो, वय बावीस, आणि आपला आवाज देवाला आवडतो अशी त्याची समजूत असते.

सैतानाचं एक खातंच या गायनासाठी नेमलेलं होतं, आणि तितिविल्लुस हे त्यातल्या कारकुनाचं नाव. गाताना जी अक्षरं खाल्ली, गाळली, नाकात विरघळवली, ती सगळी हा पिशाच वेचून पिशवीत भरतो आणि न्यायाच्या दिवशी हिशेबाला काढतो, असं १३व्या शतकापासून सांगत आले आहेत. पुढं इंग्लंडात लिहिलेल्या एका पुस्तकात तो रडगाणं गातो की धन्याला रोज हजार पिशव्या भरून द्याव्या लागतात. म्हणजे बिचारा नोकरीच करत होता. बुवा आणि तितिविल्लुस यांचं काम एकच, नजरही एकच. फरक एवढाच की बुवा हिशेब न्यायाच्या दिवसापर्यंत थकवत नाहीत. चुकलेल्यानं तिथल्या तिथं सगळ्यांसमोर लवून प्रायश्चित्त घ्यायचं असा नियम आहे. आणि मुलं चुकली तर? मुलांना फटके. बेनेडिक्टनं हे दोनतीन शब्दांत आटोपलं आहे.

मुलं म्हणजे आईबापांनी लहानपणीच मठाला वाहिलेली पोरं. हीच बुवांची शाळा. स्वरलेखन जवळजवळ नाही, म्हणून सगळं बुवांच्या तोंडून पोरांच्या कानात. ७व्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर लिहून गेला होता की स्वर स्मरणात धरले नाहीत तर नाहीसे होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. बुवांना हे वाक्य वेतनवाढीसारखं वाटतं. एकट्या मिस्साच्या, म्हणजे भाकरी-वाइनच्या विधीच्या, चिजाच पाचशेहून अधिक; वर्षभराच्या बाकीच्या उपासनांच्या अँटिफन आणि रेस्पॉन्सरी, म्हणजे स्तोत्रांना आणि पाठांना जोडून गायच्या चिजा, वेगळ्याच, त्या हजारांच्या घरात जातात. कुठल्या संताच्या दिवशी कुठली, कुठल्या चालीला कुठलं स्तोत्र जोडायचं, उपवासाच्या काळात आलेलुया कधीपासून बंद आणि ईस्टरला कधी परत, सगळं डोक्यात. हे बसायला १० वर्षं लागत, तरी पुरतं बसत नसे. पोरगं सातव्या वर्षी आलं तर मिसरूड फुटेपर्यंत बुवांच्या हाताखाली. तोपर्यंत त्याचा आवाज फुटतो, आणि बुवा म्हणतात, आता पहिल्यापासून.

या पाठांतराच्या जाचातून एक मोठा माणूस निघाला, ते सांगायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनच्या मठात ९व्या शतकात नोटकर नावाचा मुलगा होता, बोलताना अडखळणारा. बाल्बुलुस म्हणजे बोबडा हे बिरूद त्याला कायमचं चिकटलं. आलेलुयाच्या शेवटच्या स्वरावर ज्या लांबलचक ताना असतात, त्या त्याच्या काही ध्यानात राहीनात. तेवढ्यात नॉर्मन लुटारूंनी उद्ध्वस्त केलेल्या जुमिएजच्या मठातून एक धर्मगुरू आपलं गायनाचं पुस्तक घेऊन तिथं पोचला. त्यात अशा तानांखाली शब्द बसवले होते. नोटकरनं पाहिलं, ते शब्द काही त्याला आवडले नाहीत, म्हणून त्यानं स्वतःच लिहायला घेतले. एका स्वराला एक अक्षर. त्याचा हा रचनासंग्रह पुढं दूरवर गायला गेला. पाठांतराला कंटाळलेल्या मुलाचं इतकं कल्याण इतिहासात क्वचितच झालं असेल. बुवा ही गोष्ट मुलांना सांगत नाहीत.

ग्रंथालयही बहुतेक ठिकाणी बुवांकडेच. उपवासकाळाच्या सुरुवातीला सतरंजी अंथरून तिच्यावर पुस्तकं मांडतात. एकेकाचं नाव पुकारलं जातं, त्यानं गेल्या वर्षी नेलेलं पुस्तक परत करायचं, आणि वाचलं नसेल तर पालथं पडून कबूल करायचं. लानफ्रांकच्या नियमांत हेही आहे. वर्षभर पुस्तक घरी ठेवून न वाचणाऱ्या तमाम वाचनालय-सभासदांसाठी ही प्रथा आजही विचारात घ्यायला हरकत नाही. बोलण्याची बंदी असल्यानं क्ल्युनीत पुस्तक मागायच्या खुणा ठरलेल्या होत्या. आधी पान उलटल्याची खूण. मूर्तिपूजक, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या लेखकाचं पुस्तक हवं असेल तर वर कुत्र्यासारखा कान खाजवायचा. व्हर्जिल वाचायची तल्लफ आलेला बंधू लांबूनच ओळखू यायचा. बुवा अशा वेळी छताकडे बघत असत.

बुवांना चढवायचं असेल तर एकच प्रश्न विचारावा: तुमची ही चाल शेजारच्या मठात थोडी निराळी म्हणतात, नाही का?

मग दोन तास गेले. बुवांच्या मते जगात एकच गायन शुद्ध, ते पोप ग्रेगरी यांचं, आणि ते फक्त याच मठात टिकलं आहे. ग्रेगरी पोप होते ५९० ते ६०४. पवित्र आत्म्यानं कबुतराच्या रूपानं त्यांच्या कानात सुरावटी सांगितल्या, त्यांनी त्या लिहवून घेतल्या. इ. स. १०००च्या सुमाराला सेंट गालेनच्या हार्टकरनं केलेल्या पोथीत हे चित्रच आहे: खांद्यावर कबूतर, समोर लेखनिक. ग्रेगरींच्या काळात स्वर लिहायची रीतच नव्हती, ही शंका काढणाऱ्याला बुवा कंदील धरायला लावतात. आज अभ्यासक मानतात की हे गायन आठव्या-नवव्या शतकांत, रोमची चाल फ्रँक लोकांच्या गळ्यात उतरताना घडलं. राजा पेपँ आणि त्याचा मुलगा शार्लमेन यांना आपल्या राज्यात रोमसारखी उपासना हवी होती. शार्लमेननं ७८९ साली तसा हुकूमच काढला. हुकमानं सूर बदलतो का? दोन्ही बाजूंची साक्ष काढून पाहा.

रोमचा योहान डीकन ८७०च्या दशकात लिहितो की आल्प्सपलीकडच्या या धिप्पाड लोकांचे गळे दारूनं बसलेले. ते गायला लागले की नाजूक वळणं राहतात बाजूला, भरलेल्या गाड्या पायऱ्यांवरून गडगडत याव्यात तसा आवाज होतो. वर तो हेही सांगतो की ग्रेगरी ज्या पलंगावर पडून मुलांना शिकवत तो पलंग, मुलांना ज्याचा धाक दाखवत तो चाबूक आणि अस्सल पोथी, तिन्ही वस्तू रोममध्ये जपून ठेवल्या आहेत. यावर पलीकडून उत्तर दिलं ते आपल्या बोबड्या नोटकरनंच. तो म्हणतो, रोमहून १२ गायक पाठवले होते. पण त्यांना फ्रँकांचा हेवा वाटला, आणि प्रत्येकानं आपापल्या गावी वेगवेगळं आणि होईल तितकं चुकीचं शिकवायचं असा वाटेतच कट केला. चीज शिकवताना अंतरा हातचा राखून ठेवणारे उस्ताद ज्यांनी पाहिलेत त्यांना ही कथा खोटी वाटणार नाही. मला तर दोन्ही साक्षी खऱ्या वाटतात.

शुद्धतेच्या या शोधात सगळ्यात गंमत झाली ती सिस्टर्शियन पंथाची. हे कडक शिस्तीचे लोक; १२व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी अस्सल ग्रेगरी-परंपरा मेट्झ शहरात आहे असं ऐकून तिथं माणसं पाठवली आणि पोथी उतरवून आणली. गाऊन पाहतात तर ती सदोष. नियम म्हणून काही वर्षं तीच गायली. मग त्यांच्याच क्लेरव्हो मठाच्या बर्नार्डच्या देखरेखीखाली दुरुस्तीला बसले. लांब ताना छाटल्या, आणि सुरावट दहा स्वरांच्या पलीकडे जाऊ नये असं ठरवलं, कारण स्तोत्रात दहा तारांच्या वाद्याचा उल्लेख आहे! अस्सल काय ते सापडत नसेल तर नियम करावा. बुवांनी हे ऐकलं तेव्हा तीन दिवस ते जेवणघरात खालमानेनं बसले. त्यांच्या आवडत्या एका तानेला चौदा वळणं होती.

तानेचा हा मोह हे बुवांचं गुपित. दुसऱ्याच्या आवाजातली हौस त्यांना दुरून ऐकू येते, स्वतःची येत नाही. यॉर्कशरमधल्या रिव्हो मठाचा आएल्रेड ११४०च्या दशकात अशा गायकांचं वर्णन करून गेला आहे. कधी घोड्यासारखं खिंकाळतात, कधी आवाज बारीक करून बायकी सूर लावतात, कधी तोंड उघडं टाकून श्वासच रोखतात, जणू अखेरची घरघर लागली आहे. नटासारखे हातवारे करतात, आणि लोक म्हणतात वा! देऊळ सोडून नाटक पाहायला आल्यासारखे. बर्नार्डनंही एका प्रवचनात बजावलं होतं की पेंगत, जांभया देत, शब्द अर्धे तोडत, नाकातून गाऊ नका. बुवा दोन्ही उतारे मुलांना वाचून दाखवतात. मग ईस्टरच्या पहाटे आलेलुयाची वेळ येते, कित्येक आठवड्यांच्या उपवासानंतर तो शब्द पहिल्यांदा तोंडात येतो, आणि बुवा शेवटच्या ‘या’वर असे काही जातात की समोरच्या बाजूचे बंधू एकमेकांकडे पाहून बोटांनी घोड्याची खूण करतात.

बुवांवर संकट आलं ते इटलीतून, आणि तेही एका मठवासीयाच्याच हातून. पो नदीच्या मुखाजवळच्या पोम्पोझा मठात गुइदो नावाचा माणूस मुलांना गाणं शिकवायचा. १० वर्षांचं हे पाठांतर त्याला वेळेचा खून वाटे. त्याआधी स्वरचिन्हं होती; ९व्या शतकापासून शब्दांच्या डोक्यावर बारीक काड्या, ठिपके, वळणं काढत. सेंट गालेनची तशी पोथी ९२०च्या दशकातली आहे. सूर वर गेला की खाली, इथं रेंगाळायचं की निसटायचं, एवढं त्यांतून कळे. कुठला सूर, ते मात्र कळत नसे. ज्याला गाणं आधीच येतं त्यालाच वाचता येणारी लिपी! बुवांना तिच्यात काहीच खोट दिसत नव्हती.

गुइदोनं रेघा आखल्या. एक रेघ तांबडी, एक पिवळी, त्यांच्यावर आणि मधल्या घरांत स्वर. शिवाय सेंट जॉनच्या एका स्तोत्राच्या ओळींची सुरुवात दर वेळी एका स्वरानं वर चढते हे हेरून त्यानं त्या अक्षरांवरून स्वरांना नावं दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. आपले सा रे ग म त्याहून कितीतरी जुने, पण ती दोघं भेटली नव्हती. पुढं पोर्तुगीजांबरोबर ही नावं गोव्यात उतरली, पॅरिशच्या शाळांतून पोरांनी घोकली, आणि त्या पोरांचे वंशज मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओत व्हायोलिनं घेऊन बसले. असो.

पोम्पोझातल्या बंधूंना हे सहन झालं नाही. गुइदो तिथून बाहेर पडला, आरेत्सोच्या बिशपानं त्याला कॅथीड्रलच्या मुलांवर नेमलं, आणि १०२६च्या सुमाराला त्यानं ‘मिक्रोलोगुस’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या सांगण्यानुसार काही मुलं महिन्याभरात न ऐकलेली, न पाहिलेली गाणी नुसती वाचून गायला लागली. दहा वर्षांचं काम एकदोन वर्षांत. जाता जाता त्यानं हेही लिहिलं की आमच्या काळात सगळ्या माणसांत मूर्ख कोण असतील तर गायक. शंभर वर्षं शिकले तरी गुरूशिवाय एक लहानशी अँटिफन त्यांना म्हणता येणार नाही. बुवांनी हे पान एकदाच वाचलं. मग ती पोथी कपाटात सगळ्यात वर गेली.

रोममध्ये पोप १९वे जॉन यांनी गुइदोला बोलावून घेतलं, त्याची पोथी उलटून पाहिली, आणि पूर्वी न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून गाता येईपर्यंत जागचे उठले नाहीत. गुइदोला रोमचा दमट उन्हाळा मानवला नाही, म्हणून तो निघाला. पोम्पोझाच्या मठाधिपतीनं झाल्या प्रकाराबद्दल खेद दाखवून परत ये म्हटलं. हे सगळं गुइदोनं मिखाएल नावाच्या सहकाऱ्याला पत्रात लिहून ठेवलं आहे, आणि पत्राचा स्वर काही नम्र नाही. सांगायचा मुद्दा, गुइदोही एक बुवाच होता.

आमच्या बुवांच्या मठात रेघा पोचल्या त्या दिवसाची कल्पना करा. अकरा वर्षांचं पोर पुस्तक धरून उभं आहे. बुवांनी कधीच शिकवली नाही अशी चीज ते एकेक स्वर चाचपडत म्हणतं आहे, आणि बरोबर म्हणतं आहे. मठाधिपती माना डोलावतायत. बुवांच्या हातातली छडी तशीच राहिली.

‘‘सूर बरोबर आहेत,’’ बुवा शेवटी म्हणाले. ‘‘गाणं कुठं आहे?’’

सगळ्यांनी ते मत्सराचं बोलणं मानलं. मत्सर होताच. पण बुवांच्या जुन्या काड्या-ठिपक्यांच्या बाजूला सेंट गालेनचे लेखनिक बारीक अक्षरंही घालत. हे भरभर, ते धरून ठेव, इथं वर घे. त्या अक्षरांचा अर्थ सांगणारं नोटकरचं पत्र आहे. रेघांवर स्वर चढले तेव्हा ही कुजबुज हळूहळू गळून गेली. सूर कुठला ते राहिलं, कसा लावायचा ते गेलं. चौकोनी ठोकळ्यांची लिपी आली, सगळे स्वर एका वजनाचे झाले, आणि पुढची काही शतकं हे गायन दगड रचल्यासारखं होत गेलं. १६१४-१५ साली रोममध्ये छापलेल्या आवृत्तीत तर ताना सरसकट कापल्या. जर्मन मुलखातल्या काही हट्टी बुवांनी गुइदोनंतरही दोनतीनशे वर्षं रेघा जवळ येऊ दिल्या नाहीत, आणि त्यांना लोक मागासलेले म्हणत राहिले.

१८३३ साली फ्रान्समध्ये सोलेमचा ओसाड पडलेला मठ पुन्हा सुरू झाला. तिथल्या बंधूंनी जुन्या पोथ्या धुंडाळायला घेतल्या, १८८९पासून त्यांच्या छायाचित्रांचे खंड काढले, आणि सुरुवात केली ती सेंट गालेनच्या पोथीनं. पुढच्या पिढीत एजेन कार्दीन या मठवासीयानं दाखवून दिलं की लय, वजन, उच्चार हे सगळं त्या बिनरेघी चिन्हांतच दडलेलं आहे. १९७९ साली सोलेमनं ‘ग्रादुआले त्रिप्लेक्स’ हे मिस्साच्या गायनाचं पुस्तक छापलं. त्यात मधे गुइदोच्या वंशातल्या चार रेघा आहेत. वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लाओंच्या आणि खाली तांबड्या शाईत सेंट गालेनच्या पोथ्यांमधले ते जुने काड्या-ठिपके छापले आहेत, आणि आज ग्रेगोरियन गायन मनापासून शिकणारे विद्यार्थी सूर रेघांवरून घेतात, गाणं त्या काड्यांवरून.